चाळिशीनंतर पाळी बिघडली? डॉक्टरकडे जायच्या आधी एवढं तयार ठेवा

आधी तारखा, बाकी सगळं नंतर. शेवटची पाळी कधी आली हे डॉक्टर पहिलंच विचारतात आणि आपण तिथे बसून बोटं मोजत बसतो, त्यापेक्षा मागच्या काही महिन्यांतल्या जेवढ्या तारखा आठवतात तेवढ्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा आणि आजपासून पुढच्या नीट लिहा. मोजायचं ते पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत, संपल्यापासून नाही, इथे बऱ्याच जणींचा घोळ होतो. साधारण 24 ते 38 दिवसांचं अंतर नॉर्मल धरतात. मेनोपॉज (पाळी कायमची बंद होणं) जवळ आला की हे अंतर आठ-दहा दिवस मागेपुढे व्हायला लागतं, नंतर तर दोन-दोन महिने पाळीचा पत्ता नसतो.

मग किती जातंय ते. नुसतं "खूप जातंय" म्हणून काही कळत नाही हो, एकीचं खूप ते दुसरीचं रोजचंच असतं. दिवसाला किती पॅड लागले, पूर्ण भिजले का अर्धे, रात्री उठून बदलावं लागलं का, कपडे खराब झाले का, गाठी पडल्या का आणि केवढ्या, एकूण किती दिवस चाललं, मधेच स्पॉटिंग झालं का, संबंधानंतर रक्त दिसलं का, हे सगळं लिहा, लाजू नका. या वयात कधीकधी बीजच बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही, इस्ट्रोजेन या दुसऱ्या हार्मोनमुळे गर्भाशयाचं अस्तर मात्र जाड होत राहतं आणि मग उशिरा आलेली पाळी धो धो येते. पण जास्त जाण्याचं कारण दरवेळी हेच असेल असं नाही, फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ), पॉलिप (अस्तराला आलेला कोंब), थायरॉईड, काहीही असू शकतं, म्हणून तर "वय झालं की असंच होतं" हे ऐकून घरी बसायचं नाही.

गोळ्यांची यादी करा, किंवा सरळ पाकिटांचे फोटो काढा. रक्त पातळ करायच्या गोळ्या, हार्मोन्स, आयुर्वेदिक वगैरे पण सांगायचं. कॉपर टी असेल तर आवर्जून, तिनेही जास्त जातं. जुने हिमोग्लोबिन, थायरॉईड, सोनोग्राफी, पॅप टेस्टचे (गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी) रिपोर्ट एका फाईलमध्ये. दम लागतो, चक्कर येते, केस गळतात हेही लिहा, हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलेलं असू शकतं. पाळी चुकली असेल तर प्रेग्नन्सी टेस्ट करून जा, हसू नका, पाळी पूर्ण बंद होईपर्यंत दिवस जाऊ शकतात.

अपॉइंटमेंट घेतानाच विचारा की ब्लीडिंग चालू असताना आलं तर चालेल का, आणि सोनोग्राफी पोटावरून आहे का आतून, कारण पोटावरून असेल तर लघवी साठवून जावं लागतं आणि आतून असेल तर करून. 45 च्या पुढे अस्तराचा तुकडा तपासायला घ्यायचं सुचवतील, ते ऐकून घाबरू नका, आत काही वावगं नाही ना एवढं बघायला असतं.

प्रश्नही लिहून न्या. पिशवी काढायचं कोणी पहिल्याच भेटीत बोललं तर आधी गोळ्यांनी किंवा हार्मोनवाल्या कॉइलने (कॉपर टीसारखी गर्भाशयात बसवतात ती) भागेल का ते विचारा, सेकंड ओपिनियन घ्यायला काही हरकत नाही.

आणि तासाला एक पॅड भिजतोय, असं दोन-तीन तास चाललंय, किंवा चक्कर येऊन पडायला होतंय, तर फाईल-बिईल शोधत बसू नका, कोणाला तरी सोबत घेऊन लगेच निघा. सलग 12 महिने पाळी आली नव्हती आणि आता थेंबभर जरी डाग दिसला तरी पुढच्या महिन्यात बघू म्हणून थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवायचं.