‘तणाव नाही गं, डोक्याला ताप आहे’

एम.ए. सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षी डिसर्टेशनसाठी, म्हणजे छोट्या प्रबंधासाठी, मी विषय घेतला होता सरकारी रुग्णालयातल्या नर्सेसचा कामाचा ताण, आणि त्या तो कसा निभावतात. यंदा कुणी असाच विषय घेणार असेल तर माझ्या चुका वाचून घ्या.

पहिली चूक पहिल्याच दिवशी. नर्सेसच्या प्रमुख, मेट्रन मॅडमनी परवानगी दिली, वर म्हणाल्या, “तू कशाला वॉर्डावॉर्डात फिरतेस, मी भरून घेते.” मी खूश. दोन दिवसांनी अकरा फॉर्म हातात आले. सगळे एकाच पेनाने टिक केलेले आणि ताण कुणालाच नाही! साहेबांच्या टेबलावरून येणाऱ्या कागदावर खरं कोण लिहील? ते अकरा बाद केले. पुढचे मी स्वतः, बिननावाचे, बंद पाकिटातून घेतले. तेही सकाळी नाइटवाली पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे चार्ज, देत असताना नाही. तेव्हा तिचा जीव घरच्या डब्यांत अडकलेला असतो.

प्रश्नावली म्हणून शेल्डन कोहेन यांची पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल घेतली, माणसाला स्वतःला किती ताण जाणवतो ते मोजणारी. १९८३ ची मूळ १४ प्रश्नांची, पण आता बहुतेक जण १० प्रश्नांचीच वापरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ४, म्हणजे एकूण ४०. यातले ४, ५, ७ आणि ८ हे प्रश्न चांगल्या बाजूने विचारलेले आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे. मी विसरले. निवांत बाई आणि पार पिचलेली बाई, दोघींचे आकडे मधेच कुठेतरी गोळा व्हायला लागले तेव्हा गाइडनी एक्सेल शीटकडे बघून फक्त एवढंच विचारलं, “रिव्हर्स केलंस?” आणि हो, या स्केलवरून निदान होत नाही. ‘२७ च्या वर म्हणजे आजारी’ असलं काही लिहू नका.

फॉर्मनंतर मी थोड्या गप्पाही मारायचे. “तणाव जाणवतो का?” असं विचारलं तर एक सीनियर सिस्टर म्हणाल्या, “तणाव नाही गं, डोक्याला ताप आहे.” छापील प्रश्नाचे शब्द मनाने बदलायचे नसतात, तपासलेला अनुवादच वापरायचा. पण गप्पांत मी त्या दिवसापासून ‘ताप’च विचारला आणि माणसं बोलायला लागली.

त्याच सिस्टरांमुळे मला कामाच्या ताणावरचा संशोधक कारासेक कळला. कामाचा बोजा आणि त्या कामावरचा आपला ताबा, हे दोन्ही एकत्र बघा, असं त्याने १९७९ मध्ये मांडलं होतं. बोजा जास्त आणि ताबा कमी असेल तिथे माणूस सर्वांत जास्त पिचतो. सिस्टरांचं म्हणणं असं, की चाळीस पेशंट आणि सोबतीला एकच मावशी, हे त्या रेटून नेतात. पण रात्री अकराला फोन येतो, ‘तुम्ही दुसऱ्या वॉर्डला जा’, तिथे डोकं फिरतं.

निभावणं मोजायला कार्व्हर यांची ब्रीफ कोप, १९९७ ची, २८ प्रश्नांची. तिच्यात दोन-दोन प्रश्नांचे १४ गट आहेत. सगळ्यांची बेरीज करून ‘कोपिंग स्कोअर’ काढणारे प्रबंध मी लायब्ररीत पाहिलेत. त्या बेरजेला अर्थ नाही. व्यसनात बुडणं आणि पुढचं नियोजन करणं यांची बेरीज काय म्हणून करायची? शिवाय एकच माणूस वेगवेगळ्या तऱ्हांनी निभावतो. याच सिस्टर नाइटला आल्या की आधी सलाइनचे स्टँड, सुया, चिकटपट्ट्या बेडप्रमाणे लावून ठेवत, म्हणजे गर्दीत धावाधाव नको. आणि एखादं लहान मूल गेलं की लिनन रूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडत, तोंड धुऊन बाहेर येत.

माणसांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी वेळेत घ्या, तिला महिने लागतात. आणि प्रश्न विचारताना कुणी कोसळलं तर काय करायचं, हे आधी ठरवा. मी प्रत्येक पाकिटात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहिलेली चिठ्ठी घालायचे. एका पाकिटात फॉर्म कोराच परत आला. चिठ्ठी मात्र काढून घेतलेली होती.