चिखलातून आलेली एमटीबी (माउंटन बाइक) धुताना या चुका टाळा

जून लागला की ठरलेले फोन सुरू होतात. ‘दादा, ब्रेक किंचाळतोय.’ ‘चेन करकरतेय, पण कालच तर धुतली!’ हे ‘कालच धुतली’ ऐकलं की माझं निम्मं निदान झालेलं असतं. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरून सायकलचं जेवढं वाटोळं होत नाही, तेवढं घरी आल्यावर तिला धुताना होतं.

पहिला नंबर वॉशिंग सेंटरचा. ताम्हिणीकडून परत येताना सायकलचा मूळ रंग कोणता हेही आठवत नाही, सोसायटीचा वॉचमन पार्किंगमधल्या नळाला हात लावू देत नाही आणि वाटेत एक माणूस मोटरसायकलींवर प्रेशरचा पाइप मारत उभा दिसतो. मोह होतो, मान्य. पण मोटरसायकलच्या बेअरिंगांना जाड सील असतात. सायकल पायांनी चालवायची, म्हणून तिचे सील हलके ठेवावे लागतात. प्रेशरचं पाणी ते सील ओलांडून हब (चाकाचा मधला भाग), हेडसेट (हँडल जिथे फिरतं तो सांधा) आणि बॉटम ब्रॅकेटमध्ये (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तिथे) शिरतं. स्वस्तातल्या बऱ्याच एमटीबींच्या हबमध्ये तर अजून कप-कोन (वाटीसारखा कप, त्यावर आवळायचा कोन) आणि मध्ये सुटे छर्रेच असतात. तिथे पाण्याला अडवणारं फारसं काही नसतंच.

आमच्या ग्रुपमधला एकजण अख्खा पावसाळा दर रविवारी हेच करायचा. त्याची सायकल सगळ्यांत चकचकीत असायची आणि तो आम्हाला आमच्या चिखलावरून टोमणेही मारायचा. गणपतीच्या सुमाराला त्याचं मागचं चाक डावी-उजवीकडे हलायला लागलं. त्याने कोणाचंतरी ऐकून कोन आवळला. हलणं थांबलं, पण चाक जड फिरू लागलं. तसंच महिनाभर चालवलं. शेवटी हब उघडला तेव्हा आतलं ग्रीस ताकासारखं पांढुरकं आणि पातळ झालेलं, छर्ऱ्यांना खड्डे पडलेले, आणि कपात छर्ऱ्यांनी स्वतःची वाट कोरलेली. छर्रे किरकोळीत मिळतात, कोनही शोधला तर मिळतो. कप मात्र बहुतेक हबांत दाबून बसवलेला असतो, तो वेगळा मिळत नाही. म्हणजे नवा हब आणि त्यावर तारा लावून चाक पुन्हा विणणं. ‘पण मी दर आठवड्याला सर्व्हिसिंग करत होतो!’ हे त्याचं म्हणणं. बाबा रे, तू आंघोळ घालत होतास.

मी एक बादली, एक मग, मऊ ब्रश आणि गाडीचा थोडा शाम्पू घेतो. वरून खाली पाणी सोडायचं, चिखल भिजू द्यायचा आणि मग हाताने उतरवायचा. पाइप असलाच तर तोंडाशी बोट दाबून फवारा करायचा नाही. काळी माती वाळून दगड झाली असेल तर कोरडी खरवडू नका, रंगावर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्याच्या) चकचकीत नळ्यांवर चरे पडतात. रात्री उशिरा आलात आणि अंगात त्राण नसेल तर फ्रेम सकाळपर्यंत तशीच राहू दे, काही बिघडत नाही. चेन मात्र त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून झोपा. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) साधा असेल तर तो काढून फ्रेम तिरकी करा. आतून निघणारं पाणी बघून चकित व्हाल.

आता दुसरी चूक, जी बघितली की माझं डोकं खरंच फिरतं: फवाऱ्याचा डबा.

डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन दिएगोत तयार झालं आणि ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर गंज चढू नये म्हणून वापरलं गेलं. पाणी हुसकावणं आणि जाम झालेला नट सैल करणं ही कामं तो डबा झकास करतो, माझ्याकडेही आहे. पण तो नेहमीचा डबा म्हणजे चेनचं तेल नाही. चेनच्या रोलरच्या आत असलेलं वंगण तो पातळ करून बाहेर काढतो आणि मागे जो थर उरतो तो एका ओल्या राइडलाही पुरत नाही. म्हणून ‘कालच धुतली’ आणि आज करकर.

चेनपुरतं हे थांबलं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. एक नवखा मुलगा सिंहगडाच्या राइडला आला. आदल्या दिवशी ओल्या डिस्क ब्रेकमधून आवाज येत होता, म्हणून याने दोन्ही रोटरवर (ब्रेकचे पॅड ज्या चकतीला दाबतात तिच्यावर) असलाच फवारा मारला. आवाज गेला. सकाळी चढताना सगळं उत्तम, कारण चढावर ब्रेक लावतो कोण? उतरताना पहिल्याच वळणावर लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल थांबेना. त्याने डोंगराच्या बाजूच्या गटारात सायकल घातली म्हणून बचावला, दुसऱ्या बाजूला दरी होती. कोपर सोललं, एवढ्यावर निभावलं. मी त्याला पायथ्याच्या गोळेवाडीपर्यंत सायकल हातात धरून चालत आणलं आणि वाटभर बोललो. पुन्हा तो आमच्याबरोबर आला नाही. चालेल.

रोटरला तेल लागलं तर स्वच्छ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. पॅडवर नुसता तुषार आला असेल तर बारीक पॉलिश पेपरवर वरचा थर घासून बघा. ऑरगॅनिक (धातूचा नसलेल्या, मऊ) पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर सरळ फेकून द्या. पॅड गॅसवर भाजायचा जुगाड बरेच जण सांगतात. मी करत नाही, कारण पॅड ज्या पत्र्याला चिकटवलेला असतो त्या चिकटवणीचं काय होतं ते मला उतारावर शोधायचं नाही. नवे पॅड घातल्यावर सपाट रस्त्यावर वेग घेऊन चालण्याच्या गतीपर्यंत ब्रेक लावा, चाक जाम न करता, प्रत्येक ब्रेकला वीसेक वेळा. एवढाही धीर नसेल तर ब्रेक बसत नाहीत म्हणून फोन करू नका. आणि नुसत्या ओल्या रोटरचा आवाज चार वेळा ब्रेक लावला की आपोआप जातो.

चेनला तेल घालायचं ते ती पूर्ण वाळल्यावर, आतल्या बाजूने, एका रोलरवर एक थेंब. पेडल उलटं फिरवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग बाहेरून दिसणारं सगळं तेल पुसून टाका. हे पुसणं कोणाच्याच्याने होत नाही. विकत घेतलेलं तेल पुसायला जीव होत नसावा. पण बाहेरचं तेल फक्त माती धरतं, काम आतल्या तेलाचं असतं. इंजिन ऑइल आणि ग्रीस चेनवर नको. डिझेलमध्ये चेन धुवायची तर सायकलवरून उतरवून, डिस्कपासून लांब. पेट्रोल तर घरात काढूच नका.

समुद्रकाठी वाळूत चालवली असेल तर गोड्या पाण्याने त्याच संध्याकाळी धुणं, उद्यावर नाही.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकची सायकल उलटी करून ठेवू नका, आत थोडी हवा असेल तर ती लाइनमध्ये जाते. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका. पॅडच्या मध्ये स्पेसर किंवा घडी केलेला पुठ्ठा घाला. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (दुसऱ्या जातीचं ब्रेक ऑइल) ओतलं तर सील फुगून ब्रेक कामातून जातो, म्हणून लिव्हरवर काय छापलंय ते आधी वाचा.

फोर्कच्या नळ्या प्रत्येक राइडनंतर पुसा. रॉकशॉक्स कंपनीच्या फोर्कला खालच्या पायांची (खालच्या जाड नळ्यांची) सर्व्हिस ५० तास चालवल्यावर सांगितलेली असते. पावसाळ्यात ती लांबवू नका.

डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) गवत अडकलं तर जोर लावून पेडल मारू नका. उतरा, हाताने काढा. नाहीतर हँगर (डिरेलर ज्यावर लटकतो ती पट्टी) वाकतो, कधी तुटतोच. जास्तीचा हँगर बॅगेत असू द्या.

चेन किती झिजली हे डोळ्यांना कळत नाही. स्टीलची पट्टी घ्या, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि २४ कड्या मोजा. नव्या चेनची चोविसावी पिन बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ इंच पुढे गेली असेल तर दुकानात जाताना कॅसेटचेही (मागच्या गिअरच्या दातेरी चक्रांचेही) पैसे घेऊन जा.