‘ऑगस्ट’ हे विशेषण वापरताना

इंग्रजीतून सूत्रसंचालन करताना किंवा आभारपत्र लिहिताना ‘ऑगस्ट गॅदरिंग’ हा शब्दप्रयोग पुष्कळदा येतो; मात्र त्यातले ‘ऑगस्ट’ महिन्याच्या नावासारखे उच्चारले, तर ऐकणारा क्षणभर गोंधळतो. महिन्याच्या नावात जोर ‘ऑ’वर पडतो, ‘प्रतिष्ठित, पाहताच आदर वाटावा असा’ या अर्थाच्या विशेषणात मात्र तो ‘गस्ट’वर द्यावा आणि ‘ग’ पुसट न करता स्पष्ट म्हणावा. लिहिताना महिन्याचे पहिले अक्षर नेहमी कॅपिटल असते, तर विशेषणाचे वाक्याच्या मध्ये स्मॉलच ठेवावे लागते. मोबाइल ते कधीकधी परस्पर कॅपिटल करून टाकतो, म्हणून मजकूर पाठवण्यापूर्वी तेवढे एक अक्षर तपासून घ्यावे.

हा शब्द सभा, संस्था, सभागृह यांना शोभतो. आपल्या संसदेतही सदस्य सभागृहाचा उल्लेख ‘ऑगस्ट हाउस’ असा करतात. एखाद्याचे संयमी, आब राखून वागणे सांगायचे असल्यास ‘डिग्निफाइड’ आणि जुन्या वाड्याचा भारदस्तपणा सांगायचा असल्यास ‘स्टेटली’ अधिक नेमके बसते. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून बोलावलेल्या बैठकीला मात्र ‘ऑगस्ट’ म्हणू नये, कारण तिथे तो आदर न वाटता थट्टा वाटते.