अद्भुत कादंबरीचं मुखपृष्ठ: आधी अक्षरं, मग चित्र

कादंबरी स्वतः छापायला निघालात की जो भेटेल तो चित्राबद्दल सल्ला देतो. चित्रकार नामांकित हवा, ड्रॅगन भव्य हवा, आकाश जांभळं हवं. अक्षरांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. नाव काय, चित्र झाल्यावर उरलेल्या जागेत बसवून टाकू, असंच सगळे धरून चालतात. स्वतःच्या आणि मित्रमंडळींच्या मिळून चौदा कादंबऱ्यांची मुखपृष्ठं केल्यावर मी ठामपणे सांगतो, हा क्रम उलटा आहे. तुमचं पुस्तक वाचकाला पहिल्यांदा दिसणार ते मोबाइलच्या पडद्यावर, जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीचं. तिथे दोनच गोष्टी दिसतात: रंगाचा एक डाग आणि नाव. ड्रॅगनच्या खवल्यांवर चित्रकाराने घालवलेले आठ दिवस तिथे पोचत नाहीत.

हस्तलिखित शेवटचं तपासून झालंय, आकार ठरलाय (बहुतेक कादंबऱ्या डेमी आकारात, साडेपाच बाय साडेआठ इंचांत निघतात), आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख-क्रमांक) हातात आहे, असं धरून पुढे जातो. नावाचं शुद्धलेखन मात्र जाणकाराला दाखवाच. 'मृत्यू' एकटा असताना दीर्घ, समासात पहिला आला की 'मृत्यु' ऱ्हस्व. मुखपृष्ठावरची चूक पुस्तक असेपर्यंत दिसत राहते.

पायरी १: एकच वस्तू निवडा

नायक, नायिका, तलवार, किल्ला, चंद्र आणि राक्षस हे सगळं एका मुखपृष्ठावर कोंबू नका. एक वस्तू घ्या आणि मोठी घ्या.

कथा सह्याद्रीत किंवा कोकणात घडत असेल, तर युरोपातल्या टोकदार मनोऱ्यांचा किल्ला वर काढणं ही वाचकाची फसवणूक आहे. आपल्याकडे काय कमी आहे? गडांच्या दरवाज्यांवर शरभ, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक पशू, आहेत. रत्नागिरीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. त्यातला उक्षी गावचा हत्ती नुसत्या बाह्यरेषेत कोरलाय आणि म्हणूनच अगदी लहान केला तरी ओळखू येतो. वीरगळ तर मुखपृष्ठासाठी आयती मांडणी आहे. उभी शिळा, खालच्या चौकटीत लढाई, त्यावर अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा. गोष्ट खालून वर चढत जाते आणि शिळेचं प्रमाणही पुस्तकाच्या जवळ जाणारं. प्रत्यक्ष जाऊन स्वतः फोटो काढा, त्यावरून चित्र करा. गुगलवर सापडलेला फोटो उचलू नका.

पायरी २: नाव

मी अडखळलो ते इथेच, आणि बाकी सगळेही इथेच अडखळताना पाहिलेत. माझ्या पहिल्या कादंबरीचं नाव होतं 'मृत्युकुंडाची किल्ली'. उच्चारायला दणदणीत. दोन ओळींत लिहून पाहिलं आणि अडचण समोर आली. वरच्या ओळीत म, त्य आणि क या तिन्हींच्या पायात काहीतरी लोंबतंय. खालच्या ओळीत 'कि' आणि 'ल्ली' या दोन्हींच्या डोक्यावर वेलांटी. दोन्ही ओळी मधोमध ठेवल्या तर 'कुं'चा उकार थेट खालच्या वेलांटीवर आदळतो. ओळी एकमेकींपासून लांब केल्या की एका नावाची दोन नावं दिसतात. फॉन्ट लहान केला की मोबाइलवर काहीच दिसत नाही.

इंग्रजी मुखपृष्ठांवरून शिकलेलं इथे उपयोगी पडत नाही. त्यांची मोठी अक्षरं विटांसारखी एकावर एक बसतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. वर मात्रा, रफार, अनुस्वार, खाली उकार. तेव्हा संगणक उघडण्यापूर्वी कागद घ्या आणि जाड पेनाने नाव निदान तीस वेळा लिहा. एका ओळीत, दोन ओळींत, तीन ओळींत, डावीकडे सरकवून, उजवीकडे सरकवून. कुठला उकार कुठल्या वेलांटीला भिडतो ते तेव्हाच कळतं. माझ्या नावाची वाट विसाव्या कागदाच्या आसपास सापडली. 'किल्ली' जवळजवळ दुप्पट मोठी केली, उजवीकडे सरकवली आणि 'कि'ची वेलांटी 'डा' आणि 'ची'च्या खालच्या मोकळ्या जागेत शिरू दिली. तिथे लोंबणारं काहीच नव्हतं. दोन ओळी एकमेकींत अडकल्या आणि नाव एकसंध झालं. प्रत्येक नावात अशी एखादी मोकळी जागा असते. ती शोधा, ओळींमधलं अंतर वाढवत बसू नका.

आता तीन मनाया. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमनमध्ये ते भारदस्त दिसतं, देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. जाड कडा काढायची असेल तर आधी सगळी अक्षरं जोडून एक आकार करून घ्या. फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे नुसती कडा दिली की प्रत्येक सांध्यावर उभी चीर दिसते. आणि तो सोनेरी, फुगीर, धातूसारखा चमकणारा परिणाम टाळाच. पडद्यावर भुरळ घालतो, छापल्यावर मात्रा आणि उकार त्या चमकीत बुजून जातात.

अक्षरांचं वळणही बघा. बोरूचा कत, म्हणजे टोकाचा काप, आपल्याकडे रोमनच्या उलट बाजूला तिरपा, त्यामुळे जाड-बारीक रेषांचा तोलही वेगळा. रोमनचा तोल देवनागरीवर चढवलेला फॉन्ट वाचकाला खटकतो, का ते त्याला सांगता आलं नाही तरी. ल आणि श तर हटकून तपासा. मराठीचा ल पाकळीचा आणि श देठाचा. शासनाच्या २०२२ च्या निर्णयातही हेच आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाचा ल येतो आणि भाषा मराठी निवडल्यावरच आपला उमटतो. माझ्या 'किल्ली'त तो चक्क दोनदा होता.

फॉन्ट कुठला? 'मंगल' नको. र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यासाठी घडवलाय, त्याचं काम वेगळं. मुंबईच्या 'एक टाइप'चे फॉन्ट मोफत मिळतात आणि छपाईलाही चालतात. त्यातला 'जैनी' जुन्या जैन कल्पसूत्रांच्या पोथ्यांवरून घडवलेला आहे, पुराणकाळाचा वास असलेल्या कथेला शोभतो. 'मुक्ता' लेखकाच्या नावासाठी आणि मलपृष्ठावरच्या मजकुरासाठी उत्तम, कादंबरीच्या नावासाठी फार सभ्य. 'मोदक' गुबगुबीत आहे, लहान मुलांच्या पुस्तकासाठी ठेवा. फॉन्ट घ्या, पण जसाच्या तसा सोडू नका. निदान एक अक्षर हाताने बदला. एकच. वेलांटीची किल्ली, उकाराचा साप आणि अनुस्वाराचा चंद्र हे तिन्ही एकाच नावात केलेत तर नाव वाचताच येणार नाही.

हे कसं साधतं ते पाहायचं असेल तर कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधून काढा. वर्तमानपत्राचा खरखरीत कागद, काळी शाई, आजूबाजूला दुसऱ्या नाटकांच्या चौकटींची गर्दी, आणि तरी नुसत्या अक्षरांवरून कळायचं की हे विनोदी, हे ऐतिहासिक, हे रहस्याचं. शेडगे २०२० मध्ये गेले. त्यांचं काम अजूनही मला कुठल्याही ऑनलाइन वर्गापेक्षा जास्त शिकवतं.

मग संगणक. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या पर्यायांतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरं मोडतात. इंकस्केप मोफत आहे आणि त्यात देवनागरी आपसूक नीट उमटते. नाव मनासारखं झालं की कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकारांत करा, आणि छापखान्याला तीच फाइल द्या. याबाबतीत कुणावरही विसंबू नका. माझ्या पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी अक्षरं मोकळी ठेवून फाइल दिली, छापखान्यात ती जुन्या आवृत्तीत उघडली गेली आणि तीनशे मुखपृष्ठांवर 'कि'ची वेलांटी क सोडून ल्लीला चिकटली. प्रूफ मी पाहिलं नव्हतं. सगळी मुखपृष्ठं रद्दीत गेली आणि दुसऱ्या छपाईचे पैसे माझ्या खिशातून गेले. तेव्हापासून मूळ फाइल माझ्याकडे राहते, बाहेर जाते ती कर्व्ह केलेलीच.

चित्र यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, करून घेणारे आता बरेच आहेत. माझा त्याला विरोध आहे, कारण तसली मुखपृष्ठं शेजारी ठेवली की एकाच घरातली वाटतात. तरी करणारच असाल तर त्या चित्रात उमटलेली देवनागरी कदापि ठेवू नका. लांबून अक्षरं वाटतात, जवळून पाहिलं की अनेकदा कुठल्याच भाषेतली नसतात.

शेवटी परीक्षा. नाव काळ्यावर पांढरं करून तीन सेंटिमीटर रुंदीत छापा आणि घरातल्या चौथी-पाचवीतल्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. तो अडखळला तर पुन्हा कागदावर या. 'वाचकाला कळेल हळूहळू' ही समजूत सोडा. हळूहळू वाचायला तो थांबतच नाही.

पायरी ३: चित्र नावाभोवती बसवा

नावाची जागा पक्की झाल्यावरच चित्रकाराला गाठा आणि त्याला ती जागा आखून द्या. नावामागे शांत भाग हवा: धुकं, आकाश, दगड. चित्र पुस्तकाच्या पूर्ण मापात ३०० डीपीआयचं (इंचाला ३०० ठिपके) मागा, म्हणजे नुसत्या दर्शनी बाजूला १६५० बाय २५५० पिक्सेल, शिवाय कापण्यासाठी चारी बाजूंना तीन मिलिमीटर जास्त.

करार कागदावर करा, चित्रकार मित्र असला तरी. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी वाचकाला ई-पुस्तक विकायचं असेल तर हे दोन शब्द लिहायचे राहिले तर महाग पडतं. छापील, ई-पुस्तक, जाहिरात असे वापरही वेगवेगळे लिहा.

पायरी ४: रंग

पडद्यावरचा चमकदार जांभळा आणि विजेसारखा निळा चार रंगांच्या छपाईत मिळत नाही, मळकट होऊन येतो. अद्भुत कादंबऱ्यांना नेमके हेच रंग आवडतात, म्हणून सुरुवातीपासून सीएमवायकेमध्येच, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीतच, काम करा. गडद मुखपृष्ठावर मॅट लॅमिनेशनने रंग मंद दिसतात आणि ओरखडे लवकर उठून दिसतात. सावल्या पडद्यावर थोड्या उजळच ठेवा. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवा, चार शायांच्या मिश्रणात नको.

पायरी ५: कणा आणि मलपृष्ठ

३२० पृष्ठं म्हणजे १६० पानं. सत्तर जीएसएम (चौरस मीटरला सत्तर ग्रॅम) मॅपलिथो कागदाचं एक पान साधारण ०.०९ मिलिमीटर, म्हणजे चौदा-साडेचौदा मिलिमीटर, त्यात मुखपृष्ठाची जाडी. हा अंदाज झाला. छापखान्याकडून त्याच कागदाची कोरी डमी बांधून घ्या आणि कणा मोजा, मगच फाइल पक्की करा. कण्यावरचं नाव वरून खाली, म्हणजे पुस्तक उताणं ठेवल्यावर सरळ वाचता येतं. मलपृष्ठावर मजकूर शंभर शब्दांच्या आत आणि बारकोड पांढऱ्या चौकटीत काळा, साधारण ३७ बाय २६ मिलिमीटर. किंडलसाठी दर्शनी बाजूची वेगळी फाइल: उंची २५६०, रुंदी १६०० पिक्सेल.

पायरी ६: प्रूफ

पडद्यावरचं प्रूफ हे प्रूफ नव्हे. त्याच कार्डावर, त्याच लॅमिनेशनसह एक प्रत मागा, वेगळे पैसे पडले तरी. ती घडी घालून टेबलावर आठ-दहा दुसऱ्या पुस्तकांमध्ये ठेवा, प्रदर्शनात असतात तशी, आणि उभं राहून सहा फुटांवरून पाहा. संध्याकाळी ट्यूबलाइटमध्येही पाहा, कारण हॉलमध्ये तोच उजेड असतो. नाव दोन्ही वेळी वाचता आलं तर छापखान्याला होकार कळवा.