कायद्याचा प्रश्न घेऊन शेजारच्या विभागात

शिवाजी विद्यापीठात एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, नव्यानं आलेली मुलं मला हल्ली दोनच गोष्टी विचारतात. सर्किट बेंचला इंटर्नशिप कशी मिळेल, आणि डिझर्टेशनला विषय कोणता घेऊ? पहिल्याचं उत्तर त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं काम सुरू झालंय, सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथं येतात, त्यामुळं पोरं सकाळी सकाळी कोट घालून तिकडं. चांगलंच आहे. दुसऱ्याला मात्र मी उलटा प्रश्न टाकते, "ग्रामीण विकासवाले कुठं बसतात माहीत आहे का?" बहुतेकांना नसतं. मलाही नव्हतं.

2021 च्या जुलैतल्या पुरानंतर मी विषय ठरवला: पूरग्रस्तांचे घटनात्मक अधिकार. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून जगण्याच्या हक्काचा अनुच्छेद 21, आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005, त्यातलं किमान मदतीच्या निकषांचं कलम 12, निवाडे, तळटिपा असं चाळीस पानं उभं केलं. गाइड मॅडमनी ते चाळलं आणि विचारलं, "भेटलीस कुणाला?" कुणालाच नाही. शिरोळ तालुक्यातलं पाणी मी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यांनी मला ग्रामीण विकासाच्या एका संशोधकाकडं धाडलं. मला तो अपमान वाटला. कायद्याच्या माणसानं तिकडं जाऊन करायचं काय?

तिथल्या टीमबरोबर पहिल्यांदा गावात गेले तेव्हा एका बाईनं बोलता बोलता सांगितलं, "पंचनाम्याला तलाठी आलता. म्हणला, सातबारा कुणाचा? मी म्हटलं, बाबा, सोयाबीन माझं हाय. त्यो म्हणला, तसं न्हाई चालत." रान दुसऱ्याचं, ती वाट्यानं कसत होती. बी तिचं, खताची उधारी तिची. नुकसान 33 टक्क्यांच्या वर गेलं की मदत मिळते, पण ती सातबाऱ्यावरच्या खातेदाराला. मालक काही वाईट माणूस नव्हता, त्यानं तिला थोडे पैसे दिलेही. मग कागद का करत नाही म्हणून मी विचारलं तर तो हसला. "लिहून दिलं तर उद्या रान जाईल की!"

परतताना गाडीत ती टीम या वाक्याकडं निव्वळ भीती म्हणून बघत होती, आणि मला पहिल्यांदाच वाटलं की आता आपलं काम आलं. कूळकायदा 1948 चा. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन, त्या दिवशी जमीन कसणारं कूळ कायद्यानं तिचं मानीव खरेदीदार ठरलं, म्हणजे जमीन त्यानंच विकत घेतली असं धरलं गेलं. ज्यांच्या आजोबांची जमीन तेव्हा गेली त्यांची नातवंडं आज वाट्याचं नाव कागदावर येऊ देत नाहीत. म्हणजे कसणाऱ्याला वाचवायला केलेल्या कायद्याची धास्ती साठहून जास्त वर्षांनी कसणाऱ्याच्याच आड आली. पुराच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 2021 ला, राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, पिकाची नोंद मोबाइलवर आली, तरी नोंदवायचं खातेदारानंच. हे सगळं मला ग्रंथालयात सापडलं नसतं. आणि त्या टीमला 1957 चा धागा माझ्याशिवाय लागायला वेळ गेला असता, एवढी फुशारकी मी मारते.

आता थोडी माहिती, कारण नवख्यांचा इथंच घोळ होतो. विभागात पदवी मिळते. अध्यासन एखाद्या व्यक्तीच्या विचारांभोवती उभं असतं. केंद्र एखाद्या प्रश्नाभोवती, आणि तिथं कुठल्याही शाखेचा माणूस चालतो, निदान चालायला हवा. शिवाजी विद्यापीठात यशवंतराव चव्हाण यांच्या नावाचं ग्रामीण विकासाचं स्कूल आहे, स्त्री-अभ्यास केंद्र आहे, गांधी अभ्यास केंद्र आहे, शाहू संशोधन केंद्र आहे, सामाजिक वंचिततेवर काम करणारं केंद्र आहे. यातल्या कशावरही 'कायदा' अशी पाटी नाही, म्हणून आपली मुलं फिरकत नाहीत. गंमत म्हणजे, अमेरिकेत बर्कलीला कायदा आणि समाज यांच्या अभ्यासाचं नावाजलेलं केंद्र 1961 साली निघालं, आपल्या विद्यापीठाच्या एक वर्ष आधी, आणि ते उभारणारे फिलिप सेल्झनिक हे वकील नव्हते, समाजशास्त्रज्ञ होते.

कोल्हापुरात तर विषयांची वाण नाही. शाहू महाराजांचा पन्नास टक्के जागांचा हुकूम 26 जुलै 1902 चा. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1917 चा, बायकांच्या छळाविरुद्धचा 1919 चा. आपण सासरच्या छळाचं कलम 498-अ (2024 पासून न्याय संहितेतलं कलम 85) पाठ करतो आणि आपल्याच गावातला त्याचा थोरला भाऊ विसरतो. पण त्या काळातल्या दफ्तराकडं जायचं असेल तर मोडी शिकायला लागते. पहिल्या सेमिस्टरलाच शिका, चौथ्यात वेळ नसतो. पायताणाचंच बघा. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक निर्देशांक (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळाला, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांच्या महामंडळांच्या नावे. 2025 मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं तसलीच चप्पल आपली म्हणून दाखवल्याचं प्रकरण झालं, जनहित याचिका गेली, आणि निर्देशांकाचे नोंदणीकृत मालक स्वतः आले नाहीत म्हणून ती टिकली नाही. आता चप्पल शिवणाऱ्या घराला या नोंदणीतून काय मिळतं हे नुसत्या 1999 च्या भौगोलिक निर्देशांक कायद्यातून कसं कळणार? त्याला कॉमर्सवाला लागतो, समाजशास्त्रवाला लागतो, आणि कातडं ओळखणारा लागतो.

माझी सगळ्यात मोठी फजिती मुलाखतींत झाली. मूट कोर्टची, म्हणजे कॉलेजातल्या सरावाच्या कोर्टाची, सवय; मी उलटतपासणी घेत सुटले. "तुम्हाला मदत मिळाली नाही, बरोबर?" समोरचा म्हणतो बरोबर. ग्रामीण विकासाच्या त्या संशोधक सरांनी रेकॉर्डिंग ऐकून कपाळाला हात लावला. सूचक प्रश्न कोर्टात उलटतपासणीला चालतात, रानात नाही. त्या अकरा मुलाखती मी परत घेतल्या, एसटीनं, स्वतःच्या पैशानं. तळटिपांवरूनही भांडण झालं. त्यांना कंसात लेखक आणि साल हवं, आमच्या विभागाला पानाखाली टीप. शेवटी दोन प्रती केल्या.

केंद्रात जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका. एका पानावर, मराठीत, आपला प्रश्न लिहून न्या. 'काही काम असेल तर सांगा' म्हणणाऱ्याला झेरॉक्स काढायला लावतात, हे मी अनुभवानं सांगते. प्रकल्पाची मुदत आधी विचारा, पैसा संपला की टीम पांगते. गोळा केलेली माहिती कोण वापरणार, लेखावर कुणाचं नाव येणार, हे लेखी ठरवा. वकील होणार आहात, निदान एवढा करार करा.

डिझर्टेशन बांधून झाल्यावर एक प्रत घेऊन मी त्या बाईकडं गेले. तिनं पानं उलटली, मग विचारलं, "माझं नाव कुठं लिवलंस?" मी समजावून सांगितलं की संशोधनात असं करतात, ओळख लपवायला नाव बदलतात, तुमच्या भल्यासाठीच. ती म्हणाली, "म्हणजे हितंबी न्हाई व्हय?"

टीमच्या पुढच्या बैठकीत मी हे सांगितलं. तिची लेखी संमती असेल तर खरं नाव घालावं, असं माझं म्हणणं. मालक उद्या रान काढून घेईल, असं त्यांचं. पीएचडीला तीच मुलाखत वापरायची आहे, आणि वाद अजून मिटलेला नाही.