स्कॉटिश टॅब्लेट घरी करताना

स्कॉटलंडमध्ये टॅब्लेट म्हणजे साखर, लोणी आणि दूध आटवून केलेली फिक्या बदामी रंगाची वडी. चर्चच्या आणि शाळांच्या विक्रीच्या टेबलावर, लग्नात पाहुण्यांना द्यायच्या पुड्यांमध्ये, जेवणानंतरच्या कॉफीबरोबर ती असतेच. लेडी ग्रिझेल बेली या स्कॉटिश गीतकार बाईंच्या अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या घरखर्चाच्या वहीतही तिचा उल्लेख सापडतो. जुनी कृती साखर आणि सायीची होती. कंडेन्स्ड मिल्क नंतर आलं आणि आता बहुतेक जण ते घालूनच टॅब्लेट करतात.

दिसायला ती फजसारखी असते. पण फज मऊ आणि गुळगुळीत, तर टॅब्लेट दाताखाली कट्‌कन तुटते आणि जिभेवर बारीक रवा होऊन विरघळते. हा रवाळपणा हवाच. पाक किती आटवला यावर वडीचा कडकपणा ठरतो, आणि कसा घोटला यावर तिचा रवा.

९०० ग्रॅम साखर, १२५ ग्रॅम बटर, २५० मिली सायीसकट दूध आणि कंडेन्स्ड मिल्कचा ४०० ग्रॅमच्या आसपासचा एक डबा, एवढंच साहित्य लागतं. खारं बटर चालतं, किंबहुना बरंच. इतक्या गोडाला ती चिमूटभर खारट चव लागतेच. साखर जाड दाण्याची असेल तर मिक्सरमध्ये एकदाच फिरवून घ्या, पण पीठ होऊ देऊ नका. बाजारची आयसिंग शुगर वापरू नका, तिच्यात कॉर्नफ्लोअर असतं. लिंबाचा रस, मध किंवा ग्लुकोज सिरपही घालायचं नाही. ही सगळी साखरेला कण धरू देत नाहीत, आणि आपल्याला तर कण हवेच आहेत.

पातेलं जाड बुडाचं आणि निदान ५ लिटरचं घ्या. मिश्रण सव्वा लिटरच्या आसपासच असतं, पण उकळताना फसफसून तिप्पट वर येतं, आणि उतू गेलेला हा पाक अंगावर आला तर साध्या उकळत्या पाण्यापेक्षा फार वाईट भाजतं. लांब दांड्याचा, सपाट टोकाचा लाकडी कालथा हाताशी ठेवा. २० बाय ३० सेंटीमीटरच्या ट्रेला बटर पेपर लावून तो आधीच तयार ठेवा. शेवटी ट्रे शोधायला वेळ मिळत नाही.

साखर, दूध आणि बटर अगदी मंद आचेवर ठेवा. उकळी येण्याआधी साखर पूर्ण विरघळली पाहिजे. याला १० ते १५ मिनिटं लागतात. कालथ्याच्या पाठीवरचा थेंब थोडा निवू द्या आणि दोन बोटांत चोळून बघा. कण लागला तर अजून थांबा. इथे घाई केली तर न विरघळलेल्या दाण्यांभोवती पुढे मोठाले खडे धरतात आणि वडी वाळूसारखी लागते. पातेल्याच्या कडांना चिकटलेली साखर ओल्या ब्रशने खाली उतरवा.

आता कंडेन्स्ड मिल्क घाला, आच मध्यम करा आणि उकळी आणा. इथून पुढे साधारण २० मिनिटं पातेल्यापासून हलायचं नाही. कालथा तळावरून, कोपऱ्यांतून सतत फिरवत राहा. दुधाचा अंश लगेच तळाला लागतो. तरी करपल्याचे तपकिरी तुकडे दिसू लागलेच, तर तळ खरवडू नका. वरचं मिश्रण दुसऱ्या पातेल्यात ओता आणि पुढे चालू ठेवा.

थर्मामीटरवर ११६ ते ११८ अंश सेल्सिअस आले की गॅस बंद करा. ११२ला उतरवलं तर वडी मऊ राहते, १२१च्या पुढे गेलं तर कोरडी आणि भुसभुशीत होते. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. पुण्यात पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं, म्हणून तिथे २ अंश आधी उतरवा. थर्मामीटर नसेल तर अर्धा चमचा पाक गार पाण्यात टाका. त्याची नीट गोळी वळली आणि ती बोटाने दाबल्यावर चपटी झाली, की पाक झाला.

पातेलं खाली उतरवून एक मिनिट बुडबुडे बसू द्या. व्हॅनिला किंवा चमचाभर व्हिस्की घालायची असेल तर ती आता, जरा लांबूनच, कारण मिश्रण उसळतं. मग घोटायला लागा. फजचा पाक कोमट होऊ देऊन घोटतात, त्यामुळे कण अतिशय बारीक राहतात. टॅब्लेट गरम असतानाच घोटायची, म्हणून तिचा रवा जिभेला जाणवतो.

सुरुवातीला पाक पातळ मधासारखा चमकतो आणि कालथ्याची रेघ लगेच मिटते. चार-पाच मिनिटांनी रंग एक छटा उजळतो, हाताला ओढ लागते. मग कडेला निस्तेज, कोरडी पापडी दिसते आणि तळावर कालथ्याचा आवाज बदलतो, बारीक खरखर ऐकू येते. आता हातात जेमतेम अर्धं मिनिट आहे. लगेच ट्रेमध्ये ओता. नारळाच्या वडीचं सारण कडा सोडू लागतं तो क्षण ज्यांना कळतो, त्यांना हाही कळेल. इलेक्ट्रिक बीटरने तीन-चार मिनिटांतच हे होतं, पण खरखर ऐकू येत नाही आणि हमखास उशीर होतो. पहिल्यांदा हातानेच करा.

१० ते १५ मिनिटांनी, पृष्ठभाग घट्ट पण आत ऊब असताना, सुरीने अर्ध्या खोलीपर्यंत अडीच-अडीच सेंटीमीटर अंतरावर रेघा पाडा. पूर्ण थंड झाल्यावर कापायला गेलं तर वड्या वाटेल तशा तुटतात. गार व्हायला फ्रिजमध्ये ठेवू नका; ओटाच बरा.

रात्रभरात घट्ट झालीच नाही, तर पाक कमी आटला आहे. पातेल्यातच गोळा झाला, तर जास्त घोटलं गेलं. दोन्हीला उपाय एकच: १०० मिली पाणी घालून मंद आचेवर पूर्ण विरघळवा आणि पुन्हा त्याच तापमानापर्यंत न्या. पाणी न घालता तापवलं तर कण विरघळत नाहीत, नुसतं करपतं. उकळताना वर तूप सुटलेलं दिसलं तर आच कमी करा आणि दोन चमचे गरम पाणी घालून ढवळा. वडीवरचे पांढुरके डाग निरुपद्रवी असतात, ते कण कमी-जास्त धरल्यामुळे पडतात.

हवाबंद डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून टॅब्लेट दोन-तीन आठवडे सहज टिकते. पावसाळ्यात मात्र डबा उघडा राहिला तर वड्या एका दिवसात चिकट होतात. आणि पातेलं घासत बसू नका. काठोकाठ पाणी भरून एक उकळी काढा, साखर आपोआप सुटते.