घरच्या ध्वनिमुद्रणासाठी दोन प्रोसेसरचा कॉम्प्युटर कसा जोडावा

चार ट्रॅकची भजनं किंवा पॉडकास्ट करणाऱ्याला दोन प्रोसेसरची काहीच गरज नाही. आजचा कुठलाही बरा एकेरी प्रोसेसर ते काम सहज ओढतो आणि वीजही कमी खातो. दोन प्रोसेसरचं मशीन उपयोगी पडतं ते नाटकाचं किंवा मालिकेचं पार्श्वसंगीत घरी बसून करणाऱ्यांना. तिथे साठ-सत्तर ट्रॅक असतात, वाद्यांच्या सॅम्पलनी (रेकॉर्ड केलेल्या सुरांनी) तीस-चाळीस जीबी रॅम अडवलेली असते, प्रत्येक ट्रॅकवर प्लगइनची (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरची) रांग असते आणि खिशात मोजके पैसे असतात. अशांसाठी जुन्या सर्व्हरमधून निघालेले इंटेलचे झिऑन हा आजही उत्तम मार्ग आहे. मी असे संच स्वतःसाठी आणि मित्रांसाठी जोडत आलो आहे, त्यामुळे कुठे अडतं ते सांगू शकतो.

दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग, असं सांगणाऱ्याचं पुढचं काही ऐकू नका. एका ट्रॅकवर इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब असे प्लगइन एकापाठोपाठ लावले की पहिल्याचं काम झाल्याशिवाय दुसऱ्याला सुरुवातच करता येत नाही. त्यामुळे ती अख्खी साखळी बहुतेक वेळा एकाच कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका गणनाकेंद्रावर) चालते. एका तबलजीचा ठेका दोघांत वाटून दिला म्हणून लय दुप्पट होत नाही, तसंच हे. म्हणून प्रोसेसर घेताना कोअर किती यापेक्षा मूळ गिगाहर्ट्झ किती ते आधी बघा. ई५-२६८० व्ही४ मध्ये १४ कोअर आहेत, पण मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ. ई५-२६६७ व्ही४ मध्ये ८ कोअर, मूळ वेग ३.२ आणि टर्बो (गरजेपुरता वाढणारा वेग) ३.६. ध्वनिमुद्रणासाठी मी डोळे झाकून २६६७ ची जोडी घेईन. १६०० मालिकेचे झिऑन स्वस्त दिसले तरी घेऊ नका, ते जोडीने चालतच नाहीत.

बाकी सामान असं: एलजीए २०११-३ सॉकेटचा आणि सी६१२ चिपसेटचा दोन प्रोसेसरचा मदरबोर्ड, रजिस्टर्ड ईसीसी प्रकारच्या डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या आठ स्टिक, दोन एसएसडी, आणि ७५० वॉटचा असा एसएमपीएस की ज्याला प्रोसेसरसाठीचे ८ पिनचे दोन स्वतंत्र कनेक्टर आहेत. दोन्ही प्रोसेसर मिळून २७० वॉटचे आहेत. एकाच कनेक्टरला जोडवायर लावून दोघांना वीज देणं म्हणजे वायर वितळवण्याची तयारी. असे बोर्ड बहुतेकदा ३०५ बाय ३३० मिलिमीटरचे असतात, तेव्हा कॅबिनेट मापून घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन जुना बोर्ड घेताना दोन्ही सॉकेटमध्ये मोबाइलचा टॉर्च तिरपा मारून पिना बघा. सगळ्या पिना एका ओळीत सारख्या चमकायला हव्यात. एखादीच वेगळी चमकत असेल तर ती वाकलेली आहे, बोर्ड परत करा. कूलर घेण्याआधी सॉकेटभोवतीची चौकट चौकोनी आहे की अरुंद ते विचारा, कारण एकीचा कूलर दुसरीवर बसत नाही.

जोडणीत अवघड काही नाही. आधी फक्त पहिल्या सॉकेटमध्ये प्रोसेसर आणि त्याच्या चार स्टिक लावून मशीन सुरू करा. ते नीट चाललं की मगच दुसरा प्रोसेसर बसवा.

विंडोज प्रो हवं. होम आवृत्ती एकच सॉकेट वापरते, दुसऱ्या प्रोसेसरकडे ती ढुंकूनही बघत नाही. ही अडचण जुनीच आहे. १९९९ मध्ये अबिट कंपनीच्या बीपी६ बोर्डवर लोक इंटेलचे दोन सेलेरॉन प्रोसेसर बसवायचे, तेव्हा विंडोज ९८ ला एकच दिसायचा आणि विंडोज एनटी किंवा २००० टाकावं लागायचं. हे झिऑन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, आणि विंडोज १० चं सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपलं. मी १० प्रो टाकतो आणि मशीन नेटपासून तोडून ठेवतो. प्लगइनचं लायसन्स सुरू करण्यापुरतीच केबल लावायची.

आता खरी डोकेदुखी. सगळं जोडून होतं, जुना जड प्रोजेक्ट आरामात वाजतो, मिक्सिंग करताना प्रोसेसरच्या भाराचा मीटर वीस टक्क्यांवर असतो. मग गायकाला समोर बसवून बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पलवर आणला की हेडफोनमध्ये टिक-टिक सुरू होते. मीटर वीस टक्केच दाखवतो, तरी टिक-टिक थांबत नाही. मी सर्वात जास्त वेळ याच टप्प्यावर घालवला आहे आणि सर्वात वाईट सल्लेही इथेच मिळतात: रॅम वाढवा, विंडोज परत टाका, महागडा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) घ्या. यातल्या कशानेही ही टिक-टिक जात नाही.

कारण समजून घ्या. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४८ हजार मोजमापं (सॅम्पल) घेताना, १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. दर २.७ मिलिसेकंदांनी प्रोसेसरने नवा तुकडा तयार ठेवलाच पाहिजे. एकदा जरी उशीर झाला तरी टिक ऐकू येते. सरासरी भार वीस टक्के असणं आणि एकदाही उशीर न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन प्रोसेसरच्या मशीनमध्ये उशीर व्हायला जागा जास्त, कारण प्रत्येक प्रोसेसरची रॅम वेगळी, स्लॉट वेगळे, आणि एकाला दुसऱ्याच्या रॅममधलं काही हवं असलं तर मधल्या क्यूपीआय दुव्यावरून जावं लागतं. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी आवाजाचा संपूर्ण मार्ग पहिल्या प्रोसेसरकडे राहील अशी व्यवस्था करायची.

सुरुवात रॅमपासून. चार स्टिक एकाकडे, चार दुसऱ्याकडे, प्रत्येक चॅनेलमध्ये एक. आठही स्टिक एका बाजूला लावलेलं मशीन दुरुस्तीला आलं की मी आधी स्टिक वाटतो, मगच पुढचं बघतो.

मग स्लॉट. बोर्डच्या मॅन्युअलमध्ये ब्लॉक डायग्रामचं पान असतं, त्यात कुठला पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कुठल्या प्रोसेसरला जोडला आहे ते दिसतं. ते पान प्रिंट काढून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. ऑडिओ कार्ड आणि एनव्हीएमई एसएसडी पहिल्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्याच्या. यूएसबी इंटरफेस असेल तर तो बोर्डच्या मागच्या मूळ पोर्टमध्येच लावा. ते पोर्ट चिपसेटवरचे आणि चिपसेट पहिल्या प्रोसेसरचा. पुढच्या पॅनेलचे पोर्ट, हब, वेगळी यूएसबी कार्डं नकोत.

मग बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डची सेटिंग. सी६ आणि त्याच्या पुढच्या सगळ्या सी-स्टेट (प्रोसेसरच्या झोपेच्या अवस्था) बंद, सी१ई बंद. प्रोसेसर डुलकी घेऊन जागा होतो तेवढ्यात तुकडा चुकतो. टर्बो चालू राहू द्या. नोड इंटरलीव्हिंग बंदच ठेवा. ते चालू केलं की दोघांची रॅम सरमिसळ होते आणि आतापर्यंतची मेहनत पाण्यात जाते. नावात ‘ऑप्टिमाइझ’ असलेला पर्याय दिसला म्हणून चालू करू नका. हायपर-थ्रेडिंग (एका कोअरला दोन भासवणारी सोय) मी बंद करतो. सोळा खरे कोअर असताना त्याची गरज पडत नाही आणि लहान बफरला वागणूक जास्त स्थिर राहते.

विंडोजमध्ये पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, वाय-फाय आणि ब्लूटूथ डिव्हाइस मॅनेजरमधूनच बंद. आता उशीर कुठे होतो ते मोजणारं लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा आणि वरच्या क्रमांकावर कुठली ड्रायव्हर फाइल येते ते बघा. नावात एनडीआयएस असेल तर दोष नेटवर्कचा, एनव्हीएलडीडीएमकेएम असेल तर एनव्हिडियाच्या ग्राफिक्सचा, स्टोरपोर्ट असेल तर डिस्कचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि परत मोजा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कधीच कळत नाही.

शेवटी डेस्कटॉपवर रीपर या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचे दोन शॉर्टकट करा, ‘रेकॉर्डिंग’ आणि ‘मिक्सिंग’. पहिल्यात विंडोजच्या स्टार्ट कमांडने नोड ० (पहिला प्रोसेसर) आणि त्याच प्रोसेसरच्या आठ कोअरची अफिनिटी (फक्त तेच कोअर वापरायची मर्यादा) द्या. हायपर-थ्रेडिंग बंद असेल तर अफिनिटीचा हेक्स (सोळा-आधारी) आकडा एफएफ. या शॉर्टकटने उघडलं की सॉफ्टवेअर पहिल्या प्रोसेसरच्या बाहेर जातच नाही. गायकाच्या एका ट्रॅकला आठ कोअर भरपूर होतात. मिक्सिंगचा शॉर्टकट साधा ठेवा. तिथे बफर १०२४ करा, सोळाही कोअर मोकळे सोडा. या मशीनचे पैसे तिथे वसूल होतात.

डिस्कवर फार डोकं खर्च करू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे आठ ट्रॅक तासभर रेकॉर्ड केले तरी जेमतेम सव्वाचार जीबी भरतात. एका एसएसडीवर विंडोज, दुसरीवर काम, एवढं पुरे.

विजेबद्दल मात्र हयगय नको. ५० हर्ट्झची घरघर प्लगइनने काढत बसण्यापेक्षा इलेक्ट्रिशियन बोलावून त्या सॉकेटचं अर्थिंग मोजून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसते. घरघर जावी म्हणून अर्थची पिन कापायला सांगणारे भेटतात. तसं कधीही करू नका. दोष आला तर करंट कॅबिनेटमध्ये, आणि तिथून माइकला ओठ लावलेल्या माणसापर्यंत पोचू शकतो. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर रेकॉर्डिंग थांबवा.

पंख्यांचा आवाज माइकमध्ये येतोच. सर्व्हरचे छोटे पंखे काढून १४० मिलिमीटरचे सावकाश फिरणारे लावा. शक्य असेल तर मशीन शेजारच्या खोलीत ठेवून भिंतीतून केबल आणा. साध्या यूएसबी २ केबलची मर्यादा ५ मीटर आहे, त्यामुळे भोक कुठे पाडायचं ते आधी मोजून ठरवा.

सगळं जमलं की बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि बोर्डवरचा सीआर२०३२ सेल नवा टाका. जुन्या बोर्डचा सेल बहुधा संपत आलेला असतो. तो गेला की सी-स्टेट परत चालू होतात आणि टिक-टिकही परत येते.